तातडीची गोळी तीन दारांवर अडते तेव्हा

प्रश्न : मी नाशिक जिल्ह्यातील एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करते. गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास गावातली एक सव्वीस वर्षांची बाई माझ्याकडे आली. शनिवारी रात्री अकराला निरोध फाटला होता. तिचे बाळ आठ महिन्यांचे आहे, ते वरचे अन्न खाते, पण ती त्याला अजून अंगावर पाजते. दोन महिन्यांपूर्वी तिची पाळी पुन्हा सुरू झाली आहे. माझ्या कपाटात ‘इझी पिल’ ही तातडीची गर्भनिरोधक गोळी होती, पण डॉक्टरांनी तपासल्याशिवाय ती देता येते का, याची खात्री नसल्यामुळे मी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवले. तिथे वैद्यकीय अधिकारी म्हणाले की ही गर्भ पाडण्याच्या जातीची गोळी आहे, पाजणाऱ्या बाईला चालत नाही, आणि पाजत असताना दिवस राहतही नाहीत. मंगळवारी दुपारी चारला तिच्या नवऱ्याने तालुक्याच्या मेडिकलमध्ये विचारले, तेव्हा त्याच्याकडे चिठ्ठी मागितली आणि आता तसाही उशीर झाला आहे असे सांगितले. आज तिची पाळी बारा दिवस पुढे गेली आहे. आमच्यापैकी चुकले कोण? डॉक्टर माझे वरिष्ठ आहेत, त्यांच्याशी मी कसे बोलू? आणि उद्या एखादी लग्न न झालेली मुलगी आली, तर मी काय करायचे?

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात निकडीची गोष्ट म्हणजे त्या बाईची चुकलेली पाळी. तेवढा भाग मी तुम्हाला पत्र मिळाल्याबरोबर स्वतंत्रपणे कळवला होता, पण अशाच अडचणीत असलेल्या इतर वाचकांसाठी तो इथे पुन्हा देते. तिच्या लघवीची तपासणी लगेच करा. ‘निश्चय’ हे गर्भतपासणीचे किट तुमच्याकडे किंवा आशाताईंकडे असते. तपासणीत गर्भ दिसला नाही, तर आठवड्याने पुन्हा करा, कारण बाळंतपणानंतर नव्याने सुरू झालेली पाळी काही महिने मागेपुढे होत राहते आणि लांबण्याचे कारण तेवढेच असू शकते. गर्भ राहिला असेल, तर तो ठेवायचा की नाही हे तिने ठरवायचे आहे. ठेवायचा असेल तर नोंदणी करून घ्या. नको असेल तर वेळ हातात आहे, कारण शेवटच्या पाळीपासून मोजले तर तिला जेमतेम सहा आठवडे होत असतील. गर्भनिरोधक निकामी ठरणे हे गर्भपाताचे कायदेशीर कारण आहे. गर्भपाताच्या कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचे मत त्यासाठी पुरेसे असते, आणि नऊ आठवड्यांपर्यंत गर्भपात गोळ्यांनी करता येतो. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती एवढीच संमती कायदा मागतो, नवऱ्याची सही मागत नाही. मान्यताप्राप्त केंद्रात तुम्ही स्वतः तिच्याबरोबर जा. एकदा तीन ठिकाणांहून परत आलेली बाई चौथ्या ठिकाणी एकटी जाईलच याचा भरवसा धरता येत नाही.

आता ते तास मोजू या, कारण चुकले कुठे याचे उत्तर त्या तासांत आहे. शनिवारी रात्री अकरापासून सोमवारी सकाळी दहापर्यंत ३५ तास झाले होते. जागतिक आरोग्य संघटनेने केलेला आणि १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास या विषयात पायाभूत मानला जातो. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची, म्हणजे ‘इझी पिल’मध्ये असते त्याच हार्मोनची, गोळी पहिल्या २४ तासांत घेतली असता राहू शकणाऱ्या गर्भांपैकी ९५ टक्के टळले, २५ ते ४८ तासांत घेतली असता ८५ टक्के टळले आणि ४९ ते ७२ तासांत घेतली असता ५८ टक्के टळले, असे त्यात दिसून आले. नंतरच्या अभ्यासांत ही उतरण इतकी सरळ आढळली नाही, तरी गोळी जितकी लवकर तितकी बरी हा नियम कायम आहे. म्हणजे ती बाई तुमच्या खुर्चीसमोर बसली होती तेव्हा तिची वेळ चांगली होती आणि औषध तुमच्या कपाटात होते. मंगळवारी दुपारी चारला ६५ तास झाले होते, म्हणजे मेडिकलवाल्याचे ‘उशीर झाला’ हे उत्तर त्याच्याच पाकिटावर छापलेल्या ७२ तासांच्या मुदतीप्रमाणेही चूक होते. ७२ तास उलटल्यावरही सगळे संपत नाही. जागतिक आरोग्य संघटना ही गोळी पाच दिवसांपर्यंत, म्हणजे १२० तासांपर्यंत देण्यास सांगते, फक्त तिचा गुण कमी होत जातो. सगळ्यांत खात्रीचा उपाय तांबीचा, म्हणजे गर्भाशयात बसवायच्या कॉपर-टीचा, आहे. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर शंभरात नव्व्याण्णवहून अधिक वेळा गर्भ राहत नाही, आणि तीच तांबी पुढे दहा वर्षे काम करते. ही सोय त्या बाईला गुरुवारी रात्रीपर्यंत उपलब्ध होती, पाजणाऱ्या बाईला ती पूर्ण सुरक्षित आहे, आणि सरकारी केंद्रात ती मोफत बसवतात. तिघांपैकी एकानेही तिला तांबीचे नाव घेऊन सांगितले नाही, याचे मला सगळ्यात जास्त वाईट वाटते.

तुमच्या शंकेचे उत्तर सरळ आहे. ही गोळी देण्यापूर्वी आतून तपासणी लागत नाही, रक्तदाब मोजावा लागत नाही, सोनोग्राफी तर नाहीच नाही. संबंध कधी आला, शेवटची पाळी कधी आली होती आणि इतर काही औषधे चालू आहेत का, एवढे विचारले की पुरे. आधीच दिवस गेले असतील तर गोळीचा उपयोग होणार नाही, पण गर्भाला अपायही होणार नाही, म्हणून तपासणीचे किट नाही या कारणासाठी तिला थांबवू नये. मधुमेह, अर्धशिशी, हृदयविकार, पूर्वीचे सिझेरियन यांपैकी कोणत्याही कारणासाठी एका गोळीला मनाई नाही. ही गोळी २००५ पासून आपल्या देशात चिठ्ठीशिवाय विकता येते, आणि आशाताईंच्या पेटीतही ती असते. त्यांनी ती दोन रुपयांत घरपोच द्यावी अशी योजना २०११ मध्येच आली आहे. गावातल्या आशाताईंना जे देण्याची मुभा आहे त्यासाठी समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने चिठ्ठीची वाट पाहण्याचे कारण नाही.

डॉक्टरांच्या तीन विधानांपैकी ‘ही गर्भ पाडण्याच्या जातीची गोळी आहे’ हे विधान सर्वांत जास्त नुकसान करते, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते. पुरुषाचे शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात, स्त्रीबीज मात्र बाहेर पडल्यावर साधारण एक दिवसच टिकते. म्हणून बहुतेक वेळा संबंधाच्या वेळी बीज अजून बीजकोशातच असते आणि शुक्राणू त्याची वाट पाहत असतात. लेव्होनॉर्जेस्ट्रेल याच मधल्या काळात काम करते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून बीज सोडण्याचा जो संकेत निघतो तो ती रोखते किंवा लांबवते, आणि बीज बाहेर पडेपर्यंत शुक्राणू निकामी झालेले असतात. तो संकेत आधीच निघाला असेल, तर गोळीच्या हातात काही उरत नाही. बीज बाहेर पडल्यानंतर ज्यांनी ही गोळी घेतली त्या स्त्रियांमध्ये, गोळी घेतलीच नसती तर जेवढे गर्भ राहिले असते जवळपास तेवढेच राहिले, असे अभ्यासांत दिसले आहे. ती गर्भ रुजू देत नसती किंवा रुजलेला गर्भ पाडत असती, तर असे दिसले नसते. गोळी लवकर घ्या असा आग्रह धरण्याचे आणि ती कधी कधी अपयशी ठरण्याचे कारणही हेच आहे.

तरीही तुमच्या डॉक्टरांना अज्ञानी ठरवण्याची घाई मी करणार नाही. या गोळीमुळे गर्भाशयाच्या अस्तरात बदल होऊन गर्भ रुजत नसावा, अशी शक्यता अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांत आणि औषधांच्या माहितीपत्रकांतही लिहिलेली होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिथल्या गोळीच्या माहितीपत्रकातून ते वाक्य डिसेंबर २०२२ मध्ये काढले. ज्यांचे शिक्षण त्याआधी झाले आणि ज्यांना नंतर या विषयाची उजळणी कुणी करून दिली नाही, त्यांच्या डोक्यात जुनेच राहणार. आपल्याकडे कुटुंबनियोजनाच्या प्रशिक्षणात शस्त्रक्रिया, तांबी, अंतरा इंजेक्शन आणि छाया गोळ्या यांना तास मिळतात, आणि तातडीच्या गोळीच्या वाट्याला उरलेली दहा मिनिटे येतात. त्यात महाराष्ट्रात लिंगनिवडीविरुद्धच्या कारवाईमुळे गर्भपाताच्या गोळ्या ठेवण्याची औषधविक्रेत्यांना धास्ती वाटते, आणि ती धास्ती या गोळीवरही सांडते.

हा गोंधळ समोर दोन पाकिटे ठेवली की लगेच मिटतो. तातडीच्या गोळीच्या पाकिटात एकच गोळी असते, दीड मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेलची. पूर्वी पाऊण मिलिग्रॅमच्या दोन असत आणि बारा तासांच्या अंतराने घ्यायला सांगत. दोन्ही एकदम घेतल्या तरी गुण तेवढाच येतो हे २००२ मध्ये सिद्ध झाले, आणि तेव्हापासून एकच मोठी गोळी रुळली. गर्भपाताच्या किटमध्ये पाच गोळ्या असतात, मिफेप्रिस्टोनची एक आणि मिसोप्रोस्टोलच्या चार. ते किट शेड्यूल एचमधील, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणारे, औषध आहे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते. काही दुकानांतून हेच किट ‘पाळी आणायची गोळी’ म्हणून हातावर ठेवले जाते, आणि निरोध फाटल्याच्या दुसऱ्या दिवशी एखादी मुलगी ते खाऊन रक्तस्राव घेऊन येते. म्हणून कुणी ‘मेडिकलमधून गोळी घेतली’ असे सांगितले, तर पाकीट आणायला सांगा आणि त्यात किती गोळ्या होत्या ते विचारा.

पाजणाऱ्या बाईबद्दलची दोन्ही विधानेही टिकत नाहीत. लेव्होनॉर्जेस्ट्रेल अंगावर पाजताना घेता येते, दूध काढून टाकावे लागत नाही आणि पाजणे थांबवावे लागत नाही. पाजताना दिवस राहत नाहीत हे विधान तीन अटींसह खरे आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतले असावे, ते फक्त आईच्या दुधावर असावे, आणि आईची पाळी सुरू झालेली नसावी. त्या बाईच्या बाबतीत तिन्ही अटी मोडलेल्या होत्या. ‘बाळ किती महिन्यांचे, वरचे खाते का, पाळी आली का’ हे तीन प्रश्न विचारायला अर्धे मिनिटही लागले नसते.

आता असे काही मुद्दे, जे आपल्या कर्मचाऱ्यांना सहसा कुणी सांगत नाही. क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन चालू असलेल्या, किंवा फिट्ससाठी फेनिटॉइन वा कार्बामाझेपिन घेणाऱ्या स्त्रीच्या रक्तात या गोळीचे प्रमाण बरेच खाली येते. तिच्यासाठी तांबी उत्तम, आणि ते शक्य नसेल तर गोळीची मात्रा दुप्पट, म्हणजे तीन मिलिग्रॅम द्यावी असा सल्ला दिला जातो. आपल्या भागात क्षयरोगाचे रुग्ण किती आहेत हे तुम्हीच मला सांगाल, म्हणून औषधांचा प्रश्न कधीही गाळू नका. वजन बरेच जास्त असेल तरी गोळीचा गुण कमी पडू शकतो, तेव्हाही तांबीच सुचवावी. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. पाळी काही दिवस आधी किंवा उशिरा येऊ शकते, मध्येच थोडे अंगावर जाऊ शकते. ठरल्या तारखेपासून आठवडा उलटला तर लघवीची तपासणी करावी. गोळी घेतल्यानंतरच्या संबंधासाठी तिचे संरक्षण नसते, हे प्रत्येकीला स्पष्ट शब्दांत सांगावे लागते, कारण पुष्कळ जणींना ती महिनाभराची सोय वाटते. त्याच दिवशी नियमित साधन सुरू करता येते, फक्त गोळ्या किंवा इंजेक्शन असेल तर पहिले सात दिवस निरोध वापरायला हवा. तातडीच्या गोळीचे पाकीट मिळतच नसेल आणि तांबीचीही सोय नसेल, तर शेवटचा मार्ग म्हणून माला-एन या रोजच्या गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटातल्या हार्मोनच्या चार गोळ्या आणि बारा तासांनी पुन्हा चार घेता येतात. यात मळमळ पुष्कळ होते आणि गुणही कमी येतो, पण रिकाम्या हाताने परत पाठवण्यापेक्षा ते बरे. त्या पाकिटातल्या लोहाच्या गोळ्या यात मोजायच्या नाहीत, हे मात्र दाखवून द्या.

‘वर्षातून दोनदाच घ्यावी, नाहीतर पिशवी खराब होते’ किंवा ‘पुढे मूल होत नाही’ अशी वाक्ये तुम्ही सहकाऱ्यांकडूनही ऐकली असतील. पुन्हा घेतल्याने वंध्यत्व येते याला आधार नाही. पुन्हा पुन्हा घेतल्यास पाळी विस्कळीत होते आणि नियमित साधनापेक्षा ती कमी भरवशाची आहे, एवढेच तिच्याविरुद्ध प्रामाणिकपणे म्हणता येते. जी बाई तिसऱ्यांदा गोळी मागायला येते, तिच्या घरात बहुधा दुसरे कोणतेही साधन वापरू दिले जात नाही. तिला आधी गोळी द्या, मग दार लोटून तिच्याशी अंतरा किंवा तांबीबद्दल बोला. क्रम उलटा केलात तर ती चौथ्यांदा येणार नाही.

लग्न न झालेल्या मुलीबद्दल तुम्ही विचारले आहे. ती अठरा वर्षांची झालेली असेल तर गोळी देण्यासाठी तिचे लग्न झाले आहे का हा प्रश्न कामाचा नाही, म्हणून तो विचारूच नये. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मधील निकालात गर्भपाताच्या बाबतीतसुद्धा विवाहित आणि अविवाहित असा भेद अमान्य केला आहे. इथे तर गर्भ राहण्याआधीची गोष्ट आहे. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणून त्या मुलीला औषधाइतकीच गुप्ततेची गरज असते, आणि उपकेंद्राच्या ओट्यावर बसलेल्या बायकांसमोर तिला कामाबद्दल विचारले तर ती ‘डोकं दुखतंय’ म्हणून क्रोसिन घेऊन निघून जाईल.

मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर गोष्ट अवघड आहे, आणि मी ती सोपी करून सांगणार नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यानुसार माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवण्याचे बंधन आपल्यावर आहे, मग संबंध तिच्या मर्जीने आला असला तरीही. पण कळवण्याचे बंधन म्हणजे उपचार थांबवण्याची परवानगी नव्हे. बळजबरी झालेली कोणत्याही वयाची स्त्री किंवा मुलगी आली, तर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तिला ताबडतोब आणि मोफत उपचार द्यायचे आहेत. हे बंधन पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत या उपचारांमध्ये तातडीच्या गर्भनिरोधकाचा स्पष्ट समावेश आहे. पोलिसांत तक्रार नोंदली आहे का, हा प्रश्न त्याआधी येत नाही. अशा प्रसंगी गोळी तिथेच द्या, तिला आणि तिच्या विश्वासातल्या माणसाला पुढे काय होईल ते नीट समजावून सांगा, आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना लगेच फोन करून तिला एकटी न सोडता पुढे न्या.

डॉक्टरांशी कसे बोलावे, हे तुम्ही सगळ्यांत शेवटी आणि थोडे घाबरत विचारले आहे असे वाटले. त्यांनी मुद्दाम वाईट केलेले नाही, हे धरून चालू या. आशाताई आणि आरोग्य सेविकांसमोर, मासिक सभेत ही गोष्ट काढू नका, कारण तिथे कुणीही आपलेच म्हणणे धरून बसेल. ओपीडी आटोपल्यावर एकटे गाठा आणि त्या बाईची हकीकत तासांसकट सांगा, स्वतःच्या शंकेपासून सुरुवात करा. ‘सर, मी खात्री नसल्यामुळे तिला तुमच्याकडे पाठवले, नंतर मंत्रालयाची मार्गदर्शिका काढून वाचली, त्यात पाजणाऱ्या बाईलाही चालते असे दिले आहे, तुम्ही एकदा पाहता का?’ एवढे बोलून ते पान त्यांच्या हातात द्या. पाहिलेले पान बहुतेक डॉक्टर मान्य करतात. मान्य केले, तर पुढच्या सभेत हा विषय त्यांनीच समजावून द्यावा अशी विनंती करा. तुमच्या तोंडून ऐकलेले आशाताई विसरतील, साहेबांच्या तोंडून ऐकलेले विसरणार नाहीत. मान्य केले नाही, तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे या एकाच विषयावर तासाभराचे प्रशिक्षण लेखी मागा. त्या मागणीत बाईचे नाव नको, डॉक्टरांचेही नको.

तोपर्यंत तुमच्या हातातली कामे थांबण्याचे कारण नाही. कपाटातल्या पाकिटांवरची मुदत आज तपासा, आशाताईंच्या पेट्यांतली त्यांच्याकडून तपासून घ्या, आणि कमी असतील तर पुढच्या मागणीपत्रात ती लिहा. उपकेंद्र रविवारी बंद असते आणि या गोळीची गरज बहुतेक वेळा शनिवारी-रविवारीच पडते, म्हणून सुट्टीच्या दिवशी गोळी कोणत्या आशाताईंकडे मिळेल हे गावातल्या बायकांना आधीच माहीत असले पाहिजे. तालुक्याच्या त्या मेडिकलवाल्याकडेही एक चक्कर टाका. त्याला दोन पाकिटांतला फरक दाखवा, चिठ्ठी लागत नाही हे सांगा, आणि ७२ तास उलटून गेलेल्या बाईला ‘उशीर झाला’ म्हणण्याऐवजी तांबीसाठी ग्रामीण रुग्णालयात पाठवायला सांगा.